उन्हात टिकणारी शाई



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार कायद्यांवर किंवा एखाद्या संपाच्या आठवणींवर बोलावे. आम्ही विषय कळविला, ‘फाउंटन पेनची शाई उन्हात किती टिकते.’ चिटणिसांचा लगेच फोन आला. विषय ऐकण्यात आमची काही चूक तर झाली नाही ना, म्हणून विचारले. चूक झालेली नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे गिरणीच्या रंगखात्यात आणि वाचनालयात झाले. या विषयावर खरे तर रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनीच बोलावे. परंतु ही विद्या आम्ही हौसेने शिकलो नाही. एक दावा हरलो म्हणून शिकावी लागली. तेव्हा आधी तो दावा सांगतो.

आमच्या युनियनमध्ये एक वयस्क सभासद होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. १९८१ साली ते एका गिरणीत लागले. नेमणुकीचे पत्र टाइप केलेले होते, मात्र तारखेची जागा कोरी ठेवून ती कारकुनाने हाताने, निळ्या शाईने भरलेली होती. खाली सहीही त्याच शाईची. फंडात तात्यांचे नाव चढले ते १९८८ साली. म्हणजे मधल्या सात वर्षांना साक्षीदार काय तो हा एक कागद. १९९६ साली आम्ही घरोघर जाऊन सभासदांची कागदपत्रे तपासत होतो. तात्यांचे पत्र पेटीत, घडी पडून, कडेला कसर लागलेले असे सापडले. आम्हीच त्यांना म्हणालो, “तात्या, याला काचेची चौकट करा आणि भिंतीवर लावा. उंदीर नाही, वाळवी नाही, कायम डोळ्यांसमोर राहील.” तात्यांनी मोठ्या हौसेने चौकट केली आणि समोरच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या ओळीत लावली. त्या भिंतीवर दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत ऊन येत असे.

२००३ साली गिरणी बंद पडली आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब निघाला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि रोजचा दर काढताना महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. तात्यांचा शेवटचा पगार ३,९०० रुपये; रोजचे १५० झाले. सात वर्षांचे १०५ दिवस, म्हणजे १५,७५० रुपये. मालक म्हणाले, नोकरी १९८८ पासूनची. आम्ही छाती पुढे काढून चौकट उघडली. टाइपाची अक्षरे काळीभोर होती. “आपणांस दिनांक” इथपर्यंत स्वच्छ, “पासून कामावर घेण्यात येत आहे” हेही स्वच्छ. मधली जागा मात्र कोरी! सहीच्या जागी पिवळट सावली. अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. बाहेर आल्यावर तात्या एवढेच म्हणाले, “बाबा, तूच सांगितलं होतंस ना भिंतीवर लावायला?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते शोधता शोधता आम्ही शाईपर्यंत पोचलो.

पहिला प्रश्न असा की, एकाच कागदावर, एकाच उन्हात टाइप टिकला आणि हाताची अक्षरे उडाली, हे कसे? टाइपाच्या काळ्या फितीत काजळी असते, म्हणजे कोळसाच. त्याला ऊन काही करीत नाही. निळ्या शाईत मात्र पाण्यात विरघळलेला रंग असतो. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा डांबरातल्या द्रव्यांपासून क्विनीन बनवू पाहत होता. क्विनीन झाले नाही, जांभळा रंग झाला. तेव्हापासून कृत्रिम रंगांची जी वंशावळ वाढली, तीत ट्रायअरिलमिथेन नावाचे एक कूळ आहे. धुऊन जाणारी म्हणून विकतात ती निळी शाई बहुतेक याच कुळातल्या रंगांची. दिसायला सुरेख, पेनात वाहायला उत्तम, मुलाच्या सदऱ्यावर सांडली तर धुता येते. हे सारे गुणच आहेत. पण रंगाचा रंग ज्या जोडणीमुळे दिसतो तीच जोडणी प्रकाश शोषून घेते, आणि शोषलेल्या शक्तीच्या जोरावर हवेतला प्राणवायू ती तोडतो. रेणू मोडला की रंग गेला. शाई कागदावरून कोठे जात नाही. ती तिथेच असते, पण दिसत नाही.

काजळीचा कण किंवा पिगमेंटचा कण असा सहजी हार खात नाही. त्यात असंख्य रेणू एकत्र दाटलेले असतात. वरचे काही कामास आले तरी आतले शाबूत राहतात. विरघळलेल्या रंगाचा रेणू मात्र तंतूवर एकेकटा सापडतो. एकेकट्याला गाठले की काय होते, हे आम्ही युनियनवाल्यांनी आणखी सांगावयास नको.

कोणी म्हणेल, चौकटीला काच होती ना? होती. काच अतिनील किरणांपैकी फार तीव्र तेवढे अडविते. बाकीचे, आणि डोळ्यांना दिसणारा सगळा प्रकाश, आत येऊ देते. रंग उडवायला तेवढे पुरते. शिवाय प्रकाशाचा हिशेब व्याजासारखा साचत जातो. संग्रहालयात नाजूक कागदांवर ५० लक्स इतकाच उजेड ठेवतात. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स भरते. म्हणजे उन्हाचा एक तास हा संग्रहालयातल्या दोन हजार तासांच्या बरोबरीचा. तात्यांच्या भिंतीवर सात वर्षे रोज काही तास ऊन होते.

आता आमची परीक्षा. युनियनच्या कचेरीला पश्चिमेची एक मोठी खिडकी आहे. हजेरीपुस्तकाच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. प्रत्येक शाईला वेगळी पट्टी, पण टाक एकच, दर वेळी धुऊन वापरलेला. कारण जाड निबाची ओळ शाई जास्त सोडते आणि मग तुलना खोटी पडते. प्रत्येक पट्टीवर शाईचे नाव, तारीख आणि एकच वाक्य लिहिले. नावे व तारखा मात्र शिसपेन्सिलीने लिहिल्या. हे शहाणपण नंतर सुचले. पहिल्या खेपेस शाईचे नाव त्याच शाईने लिहिले होते, आणि ज्या पट्ट्या उडाल्या त्या कोणत्या शाईच्या हेच कळेना! पट्टीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या पन्नीने झाकला. तशाच पट्ट्यांचा दुसरा संच पाकिटात घालून कपाटात ठेवला.

पहिली परीक्षा आम्ही आषाढात सुरू केली. महिनाभर आभाळ. महिन्याने पाहतो तो निळी शाई जवळपास जशीच्या तशी. आम्ही सभेत जाहीर करून मोकळे झालो की, ही शाई चालेल. पुढे चैत्रात पुन्हा पट्ट्या लावल्या तेव्हा तीच निळी तीन आठवड्यांत राखेसारखी झाली. सभेत उठून चूक कबूल करावी लागली. मग रंगखात्यातल्या एका जुन्या सोबत्याने डोके चालविले. तो म्हणाला, “अरे, आपण कापडाचा रंग दिवसांनी मोजत होतो का?”

नव्हतो. कापडधंद्यात यासाठी निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात. ‘ब्लू वूल’ या नावाने त्या जगभर चालतात. पहिल्या नंबरची पट्टी सर्वांत लवकर उडते, आठव्या नंबरची सर्वांत उशिरा. आणि प्रत्येक पट्टीला आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुप्पट ऊन लागते. एकापासून आठापर्यंत सात वेळा दुप्पट, म्हणजे सुमारे १२८ पट. नमुन्याशेजारी या पट्ट्या लावायच्या आणि नमुना कितव्या पट्टीच्या बरोबरीने उडाला ते पाहायचे. मग आषाढ असो की वैशाख, सोलापूर असो की लंडन, ढगाचा प्रश्नच उरत नाही. जे ऊन नमुन्याला लागले तेच पट्टीला लागले. बारा वर्षे आम्ही ज्या खात्यात हे काम केले, तेथली युक्ती कागदाला लावण्याचे आम्हांला सुचले नाही! कापडाचे शास्त्र मालकाचे आणि कागद आपला, अशी काहीतरी फाळणी डोक्यात असावी.

तिसऱ्या खेपेस परीक्षा नीट झाली. जांभळी, गुलाबी आणि धुऊन जाणारी निळी या सगळ्यांत आधी गेल्या. पहिल्या-दुसऱ्या पट्टीच्या आसपासच. लाल शाई आमच्या अपेक्षेपेक्षाही कच्ची निघाली. ईओसिन नावाचा तांबडा रंग उन्हाला फार दुबळा आहे. व्हॅन गॉख या चित्रकाराने १८९० साली काढलेले गुलाबी गुलाब आज पांढरे दिसतात, ते अशाच लाल रंगामुळे. तेव्हा हिशेबतपासनिसाने लाल शाईने मारलेला शेरा हा कायमचा आहे, या समजुतीत कोणी राहू नये. मोरपिशी शाई बरीच तगली. तिच्यात बहुधा तांब्याचा थॅलोसायनिन रंग असतो आणि तो चिवट आहे. साधी काळी शाई विटून तपकिरी झाली. पिगमेंटची शाई मात्र जागची हलली नाही.

आणि निळीकाळी? तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण फसवणूक येथे होते. जुन्या पद्धतीची खरी निळीकाळी ही लोहाची शाई. मायफळ आपल्या घरात बाळगुटीसाठी असते. त्याचा तुरट अर्क आणि हिराकस यांचे ते मिश्रण. लिहिताना ती फिकी असते, म्हणून अक्षर दिसावे एवढ्यासाठी तिच्यात निळा रंग घालतात. कागदावर हवा लागली की हिराकशीतले लोह बदलते आणि न विरघळणारा काळा थर तंतूंत बसतो. आमच्या पट्टीवर निळा रंग उडाला आणि खाली करडेकाळे अक्षर शिल्लक राहिले. पाण्यात बुडविली तरी ते वाचता येत होते. परंतु दुकानात ‘निळीकाळी’ म्हणून जी बाटली मिळते तिच्यात लोह असेलच असे नाही. पुष्कळ शायांत आता नुसता त्या छटेचा रंगच असतो. आमच्या दोन निळ्याकाळ्या पट्ट्यांपैकी एक टिकली आणि एक उडाली. वेष्टनावरचे नाव हा पुरावा नव्हे. लोहाच्या शाईचेही दोष आहेत: ती आंबट असते, पोलादी निबाला खाते, पेन आठवडाभर तसेच ठेवले तर गाळ धरते. जुन्या काळच्या जहाल शायांनी तर कागदही खाल्ले आहेत.

आपल्या वाडवडिलांची शाई काजळाची. दिव्याचे काजळ, डिंक, पाणी, आणि बोरू. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराची मोडी कागदपत्रे आहेत; दोन-अडीचशे वर्षांनंतरही त्यांचे काळेपण पाहून घ्यावे. ती शाई फाउंटन पेनात मात्र भरू नये; डिंक सुकून पेन कायमचे बंद होईल. आणि उन्हाला न भिणारी ही शाई पाण्याला भिते.

ऊन लागून गडद होणारी शाईही असते, आणि ती आपल्या सर्वांच्या बोटाला लागलेली आहे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी मतदानाची शाई वापरतात. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते, ते उजेडात काळे पडते. असो.

एवढे झाल्यावर युनियनने सभासदांचे मूळ पुस्तक लोहाच्या शाईने पुन्हा लिहून काढले. चार महिने लागले. आता फंडाचा हिशेब संगणकावर असतो, तेव्हा शाईची एवढी काळजी कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. बिगारीच्या मजुराला, घरकाम करणाऱ्या बाईला, वीटभट्टीवरच्या जोडप्याला पैसे दिल्याची नोंद अजून वहीतच होते, आणि ती वही पुष्कळदा खिडकीतच असते. बँकेच्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांची अवस्था तर त्याहून वाईट: त्यांत शाईच नसते, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो, आणि तो पाकिटातल्या पाकिटात पांढरा होतो. त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी. झेरॉक्सची पूड काजळीचीच असते. मूळ कागद अंधारात ठेवावा, आणि भिंतीवर लावायचीच हौस असेल तर झेरॉक्स लावावी.

तात्यांचे पत्र आम्ही पुढे पुन्हा मागून घेतले होते. रात्री दिवा मालवून, बॅटरी कागदाच्या कडेने अगदी आडवी धरली, तेव्हा निबाने कागदात पाडलेल्या खाचा सावलीने उठल्या. एकोणीसशे, मग आठ, मग एक उभी रेघ. निकाल लागून तोवर दीड वर्ष होऊन गेले होते, आणि अपिलाची मुदत त्याच्या किती तरी आधी संपलेली होती. आम्ही तात्यांना बोलावून ती रेघ दाखविली. त्यांनी बॅटरी आपल्या हातात घेतली आणि बराच वेळ पाहत बसले. ते आता नाहीत. पत्र त्यांच्या मुलाकडे आहे, पेटीत.

पट्ट्यांचे तिन्ही संच येथे मेजावर मांडले आहेत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जाताना अवश्य पाहावे, हातातही घ्यावे. डाव्या कडेची तेवढी काजळाची आहे. तिला घामाचे बोट लावू नये.