घरट्याचा पत्ता कुणाला सांगायचा?

संध्याकाळची कामं उरकत, भात चुलीवर ठेवून तुम्ही रेडिओ लावला असेल. आज बचतीचा विषय नाही, कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज मी बोलणार आहे गिधाडाविषयी. हो, गिधाडच. नाक मुरडू नका, जरा ऐका.

आपल्या बोलण्यात या पक्ष्याला मान नाही. म्हाताऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवून असलेल्या नातेवाइकाला आपण म्हणतो, "गिधाडासारखा टपून बसलाय." पण रामायण ऐकताना सीतामाईसाठी रावणाशी झुंजणारा जटायू आला की हात जोडतो. मला विचाराल तर खरं गिधाड जटायूच्या बाजूचं. ते कुणाला मारत नाही. मेलेलं जनावर तेवढं खातं आणि गावाची घाण गावाला त्रास न देता साफ करतं.

माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. गावाबाहेर ढोर टाकलं की थोड्या वेळात आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या, आणि पाहता पाहता नुसता सांगाडा उरायचा. मग हे दृश्य दिसेनासं झालं. ढोर तसंच कुजत पडू लागलं, वास सुटू लागला, त्यावर भटकी कुत्री वाढली. लोक म्हणाले, गिधाडं गाव सोडून गेली. ती गेली नव्हती, मेली होती. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या १५ वर्षांत भारतात इतकी कमी झाली, की हजारांमागे एखादंच उरलं.

कारण सापडलं २००४ च्या सुमाराला. गुरांच्या दुखण्यावर, सुजेवर डायक्लोफेनॅक नावाचं औषध सर्रास टोचलं जायचं. औषध दिल्यावर दोन-चार दिवसांत जनावर मेलं तर औषधाचा अंश मांसात राहतो. ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि ते मरतं. एका ढोरावर किती गिधाडं बसतात ते आपण पाहिलेलं आहे. म्हणजे एका इंजेक्शनात किती जीव जात असतील, विचार करा. २००६ साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी आणली. पुढे २०२३ मध्ये अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली.

आता कोकणात काही थोड्या वाड्यांमध्ये उंच आंब्यावर, बेहड्यावर, कुठे नारळावरही गिधाडं घरटी करतात. ओस पडलेल्या झाडावर पुन्हा काटक्या दिसल्या की जुन्या माणसांचे डोळे भरून येतात. कोणती वाडी, ते मी सांगणार नाही. हा कार्यक्रम बऱ्याच लांबपर्यंत ऐकला जातो, आणि आजचा माझा विषयच तो आहे: घरट्याचा पत्ता.

तुम्ही म्हणाल, एका पक्ष्याच्या घरट्याचं एवढं काय गुपित? त्याचा हिशोब सांगते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. कोंबडीसारखी डझनभर नाही, एकच. साधारण ५० दिवस नर आणि मादी आळीपाळीने ते उबवतात. मग तीन-साडेतीन महिने पिल्लू घरट्यातच असतं. दिवाळीच्या मागेपुढे सुरू झालेला हा संसार उन्हाळ्यापर्यंत चालतो. ते पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडं घालायला आणखी पाचेक वर्षं जातात. मधे माणसांचा गोंगाट झाला, आई-बाप घाबरून उडाले, अंडं थंड पडलं किंवा पिल्लू खाली पडलं, की त्या जोडप्याचं वर्ष वाया.

आणि गोंगाट कसा होतो? एक मुलगा फोटो काढतो आणि मोबाइलवर टाकतो. मागे देऊळ दिसतं, वळणाचा रस्ता दिसतो. रविवारी दोन गाड्या येतात, पुढच्या रविवारी दहा. कुणी झाडाखाली उभं राहून टाळ्या वाजवतं, पक्षी उडताना फोटो चांगला येतो म्हणून. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण पिल्लाला हेतू कळत नाही. ते फक्त घाबरतं.

पोटुशी लेक माहेरी आली की सुरुवातीचे तीन महिने आपण चारचौघांत बोलतो का? घरातल्यांना माहीत असतं, शेजारच्या मावशीला अंदाज असतो, पण दवंडी पिटत नाही. यात खोटेपणा नाही, नाजूक काळाची काळजी आहे. घरट्याचंही तसंच धरा.

पण नुसतं तोंड बंद ठेवून भागतं का? यावर एक जुनी, खरी हकीकत सांगते. ती घडली स्कॉटलंडमध्ये. देश लांबचा आहे, पक्षी मात्र आपल्याला परका नाही. हिवाळ्यात आपल्या खाड्यांवर आणि धरणांवर पाण्यात झेप घेऊन पायांनी मासा उचलणारा कैकर येतो ना, तोच.

स्कॉटलंडमध्ये कैकराला लोकांनी गोळ्या घातल्या. त्याची अंडी जमवण्याचाही तिथे छंद होता. पक्षी जितका दुर्मिळ, तितका अंड्यांच्या पेटीचा रुबाब मोठा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली घरटी संपली. मग १९५४ च्या सुमाराला लॉक गार्टन नावाच्या तळ्याच्या परिसरात एक जोडी परत आली. पक्षी राखणाऱ्या मंडळींनी जागा गुप्त ठेवली आणि रात्रीचा पहारा बसवला. तरी अंडीचोरांपर्यंत बातमी पोचली. १९५८ साली एका अंधाऱ्या रात्री एकजण झाडावर चढला. पहारेकरी धावेपर्यंत तो पळाला. झाडाखाली कैकराची दोन अंडी फुटलेली मिळाली. घरट्यात काय होतं, ठाऊक आहे? बुटाचं पॉलिश फासून रंगवलेली कोंबडीची अंडी.

पुढच्या वर्षी जॉर्ज वॉटरस्टन या पक्षीरक्षकाने वेगळाच मार्ग धरला. जोडीने पुन्हा तिथेच घरटं केलं, तेव्हा झाडाला काटेरी तार लावली, रात्रंदिवस पहारा ठेवला, आणि लोकांनाच बोलावलं: या, पण लांबच्या खोपटातून, दुर्बिणीतून बघा. त्या उन्हाळ्यात सुमारे १४,००० माणसं आली. तीन पिल्लं उडाली. दुसरीकडे घरटी होऊ लागली तेव्हा त्यांचे पत्ते मात्र मिटल्या तोंडीच ठेवले. एक घरटं दाखवायचं, तेही पक्क्या पहाऱ्यात आणि लांबून, बाकीची राखायची.

मला यातून एक गोष्ट कळली. गुपित दोन-चार माणसांपुरतंच असेल, तर ते दोघे झोपले की घरटं उघडं पडतं. बाहेरच्याला पत्ता नको, पण वाडीतल्या घराघराला त्याची काळजी हवी. आणि ही राखण आपल्याला नवीन नाही. वाडीत अनोळखी गाडी आली की पहिल्यांदा कुणाला कळतं? ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या आजीला. गटात कुणाच्या घरची अडचण बोलली गेली तर ती गटातच राहते. नाहीतर पुढच्या महिन्यात बोलायला कोण येईल?

आता एक अवघड प्रश्न. एका गटातल्या ताईंनी मला सरळ विचारलं, "घरटं माझ्या नारळावर आहे. हंगामभर त्या झाडाचे नारळ काढायचे नाहीत. पक्षी सगळ्यांचा, मग तोटा माझ्या एकटीचा का?" प्रश्न रास्त होता. नुसतं पुण्य मिळेल असं सांगून चूल पेटत नाही. गटाच्या मासिक बैठकीत त्यावर चर्चा झाली. ठरलं असं, की गटाच्या खोबरेल तेलासाठी आणि वड्यांसाठी लागणारे नारळ त्या हंगामात आधी त्यांच्या बाकीच्या झाडांचे घ्यायचे, बाजारभावाने आणि रोख. शिवाय वनखात्याकडे अर्ज लिहून द्यायचा. तोटा पूर्ण भरला असं नाही. पण ताई म्हणाल्या, "माझं झाड आहे हे तुम्ही लक्षात ठेवलंत, हे बरं वाटलं." त्या हंगामात त्या झाडावर कुणी चढलं नाही.

तुमच्या भागात घरटं असेल किंवा उद्या दिसलं, तर एवढं करा.

झाडाखाली जाऊ नका. घरट्यातला पक्षी उभा राहून तुमच्याकडे बघू लागला, की समजा आपण फार जवळ आलो, आणि मागे फिरा. त्या झाडाजवळ फटाके, लाकूडतोड, मोठ्याने गाणी नकोत.

फोटो मोबाइलवर पाठवू नका. घरातल्या मुलांना ओरडण्याऐवजी कारण सांगा. मुलं उलट आपल्यापेक्षा चांगली राखण करतात.

वनरक्षकाला जरूर कळवा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. पिल्लू खाली पडलेलं दिसलं, तर त्याला घरी न आणता आधी तिथे फोन करा.

गुरांच्या डॉक्टरांना विचारा, "हे औषध गिधाडाला चालतं का?" दुखण्यावर मेलोक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध मिळतं. उपचार चालू असताना जनावर दगावलं, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा. कुत्र्यांसाठी किंवा बिबट्यासाठी मेलेल्या जनावरावर विष कधीच घालू नका. गिधाडांना मारणं, त्यांची अंडी-पिल्लं काढणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

आणि कुणी दुर्बीण गळ्यात घालून, गोड बोलून विचारलं, "मावशी, इथे गिधाडाचं घरटं कुठे हो?" तर त्याला पाणी द्या, चहा द्या. खरी ओढ असेल तर वनखात्याच्या कचेरीचा रस्ता दाखवा. झाडाचा रस्ता दाखवू नका.

पुढच्या मासिक बैठकीत कर्जवाटप झालं, की पाच मिनिटं हा विषय घ्या. जुन्या बायकांना विचारा, पूर्वी गिधाडं कोणत्या झाडावर बसायची. ते झाड अजून उभं असेल तर ते तोडायचं नाही, एवढा ठराव वहीत लिहून ठेवा. परत येणाऱ्याला आधी झाड लागतं.

येते मी. पुन्हा भेटू. नमस्कार.