आधी साध्य लिहा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय होता ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’. तो मी बदलून घेतला. वाटचाल अगदी सरळ आहे: अकोले, संगमनेर, पुणे, आणि मग वीस वर्षं खुर्ची. त्यात सांगण्यासारखं थोडंच. पण गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवरच्या निदान पाच जणांनी मला एकच काम सांगितलंय, “जरा माझं पीपीटी बघून दे ना.” कोणी झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापक आहे, त्याला साहेबांसमोर शाळेचा आराखडा मांडायचा असतो. कोणी खतं-बियाण्यांच्या दुकानातर्फे शेतकरी मेळावे घेतो. एक जण ग्रामपंचायतीत आहे. स्लाइड दाखवणं हे आता आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचंच काम राहिलेलं नाही, म्हणून आज त्यावर बोलते. मी स्वतः मात्र स्लाइड आणलेल्या नाहीत. या हॉलच्या खिडक्यांना पडदे नाहीत, हे मला आठवीपासून माहीत आहे.

आपले भूमितीचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही फळ्यावर प्रमेय लिहायचात तेव्हा क्रम ठरलेला असायचा: पक्ष, साध्य, सिद्धता. काय दिलंय, काय सिद्ध करायचंय, आणि मग कसं. साध्य न लिहिता सिद्धतेला हात घातला की तुम्ही वही परत द्यायचात. आम्हाला तेव्हा तो छळ वाटायचा. आज मी ऑफिसात आमच्या नव्या मुलांच्या स्लाइड तपासते तेव्हा नेमकं तेच करते. मुलांना वाटतं बाई फार जुन्या वळणाची आहे.

बहुतेक स्लाइडवर साध्य नसतंच. वर शीर्षक असतं ‘पटसंख्या : एक आढावा’. खाली तक्ता. बघणाऱ्यानं त्यातून काय घ्यायचं? पट वाढला, घटला, की साहेबांकडून काही हवंय? समजा त्याच जागी लिहिलं, ‘चौथीनंतर आठ मुली घरी बसल्या, कारण पाचवीची शाळा पाच किलोमीटरवर आहे’. हे पूर्ण वाक्य आहे, त्याला क्रियापद आहे. साहेबांना ते पटेल किंवा पटणार नाही, पण त्यांना काहीतरी बोलावंच लागेल. आणि असं वाक्य लिहायला बसलं की आधी आपल्यालाच कळतं, आपल्याला काही म्हणायचंय की नुसते आकडे डकवायचेत. वाक्य सुचत नसेल तर ती स्लाइड खुशाल काढून टाका.

हे केवळ नीटनेटकेपणाचं प्रकरण नाही. कल्पना चावला आपल्या सगळ्यांना आठवते. आपण विशीत होतो तेव्हा. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं आणि सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना खाली अभियंत्यांनी त्या आघाताचा अभ्यास केला आणि नासाच्या अधिकाऱ्यांसमोर स्लाइड मांडल्या. त्यातली एक पुढे फार गाजली. तिचं शीर्षक धीर देणारं होतं: चाचण्यांची माहिती पाहता आपले अंदाज सावधच आहेत, अशा अर्थाचं. त्याखाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, त्यांखाली आणखी उपमुद्दे, अक्षर लहान लहान होत गेलेलं. आणि अगदी तळाशी असं होतं की चाचण्या ज्या फोमच्या तुकड्यांवर झाल्या ते ३ घन इंचांचे होते आणि पंखावर आदळलेला तुकडा १९२० घन इंचांचा असावा. म्हणजे ६४० पट! चाचणीचा आधारच सुटला, हे त्या स्लाइडचं साध्य. ते वर लिहायचं सोडून तळाला गेलं. ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा आहे, पण किती लक्षणीय ते एकदाही नाही.

१ फेब्रुवारीला परत येताना यान फुटलं, सातही जण गेले. एका स्लाइडमुळे अपघात झाला असं म्हणणं चूक ठरेल. अपघात पंखाला पडलेल्या भोकामुळे झाला, आणि निर्णयांतल्या चुका खूप होत्या. पण चौकशी मंडळानं त्याच वर्षीच्या अहवालात एडवर्ड टफ्टी या येल विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी केलेलं या स्लाइडचं विश्लेषण छापलं आणि तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइडवर काम भागवण्याच्या सवयीवर ताशेरे ओढले. ज्यांनी ती स्लाइड बनवली ते हुशार लोक होते आणि त्यांना तो आकडा माहीत होता, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

नासा लांब राहिली, आपल्या तालुक्याकडे येते. आपल्या वर्गातली एक मैत्रीण आरोग्य सेविका आहे. नाव घेऊ नको म्हणाली, नाही घेत. राजूरच्या पलीकडच्या वाड्यांवर फिरते. आवणीच्या दिवसांत चिखलात, बांधावर साप चावण्याचे प्रकार होतात, म्हणून तिला वाडीवर माहिती द्यायची होती. तिला वरून आलेली स्लाइड तिनं मला पाठवली. शीर्षक: ‘सर्पदंश : प्रतिबंध व व्यवस्थापन’. खाली अकरा ओळी. सापांचे प्रकार, विषाचे प्रकार, लक्षणं, आणि अकरावी ओळ, ‘रुग्णास विलंब न करता नजीकच्या रुग्णालयात संदर्भित करावे’. पुन्हा साध्य तळाला, तेही ‘संदर्भित करावे’ अशा भाषेत. आपल्या वाडीवरची आजी कधी कोणाला संदर्भित करते का?

आम्ही फोनवर बसून त्याच्या तीन स्लाइड केल्या. पहिली: ‘साप चावला की आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर.’ सोबत ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकाचा फोटो, म्हणजे जायचं कुठं ते डोळ्यांना कळावं. दुसरी: ‘करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडानं विष ओढू नका.’ तिसरीवर आमचा वाद झाला. मला नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचेही फोटो हवे होते. ती म्हणाली, “अगं, फोटो दाखवले की सगळे सापावरच बोलत बसतात, आणि पुढच्या वेळी साप ओळखायला त्याच्या मागं धावतात.” तिचं बरोबर होतं, तिला तिची माणसं माहीत आहेत. तिसरी अशी झाली: ‘मण्यार चावली तर सूज येत नाही, फारसं दुखतही नाही. तरी दवाखान्यातच जा.’ रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला हेच ठाऊक असायला हवं. सकाळी पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणून घरीच पडून राहतात आणि वेळ जातो. बाकी सगळं ती तोंडानं सांगायची. कार्यक्रमात एका आजोबांनी विचारलं, “बाई, दवाखाना कळला, पण रात्री दोनला गाडी कुठली?” तिनं तिथेच चौथी स्लाइड केली: १०८ नंबर, आणि वाडीतल्या तीन जीपवाल्यांचे फोन. नंतर पोरांनी तेच शाळेच्या भिंतीवर रंगानं लिहून काढलं.

‘बाकी तोंडानं सांगायचं’ हे आपल्याला नवीन नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली, म्हणजे काचेवर हातानं रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर दाखवायची. रामायण-महाभारतातले प्रसंग. पडद्यावर चित्र, आणि गोष्ट सांगणारा माणूस बाजूला. काचेवर निवेदन लिहून ते वाचून दाखवावं असं त्यांच्या मनातही आलं नसेल. आज आपण पडद्यावर परिच्छेद टाकतो आणि लोकांकडे पाठ करून तोच वाचतो. लोक आपल्यापेक्षा भरभर वाचतात, मग आपण तिसऱ्या ओळीवर असताना ते मोबाइल काढतात. मराठीच्या बाई फळ्यावर लिहायच्या तेव्हा असं होत नसे, कारण खडूचा वेग आणि बोलण्याचा वेग एकच होता. स्लाइड एका झटक्यात सगळं उघडं करते. म्हणून मुद्दे एकेक करून आणा, किंवा मुळात कमी लिहा.

आता थोडं आपल्या लिपीबद्दल, कारण इंग्रजी पुस्तकांत हे सापडत नाही. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडली नाही तर वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. अक्षर अठ्ठाविसाच्या खाली नेऊ नका. तपासायचं असेल तर लॅपटॉप टेबलावर ठेवून पाच-सहा पावलं मागं जा आणि वाचून बघा. दुसरं, जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की ‘ग्रामसभा’चं भलतंच काहीतरी होतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी भोगलंय. युनिकोडमध्येच टाइप करा, सोबत एक पीडीएफ ठेवा. निळ्यावर पिवळी अक्षरं आपल्या उघड्या खिडक्यांच्या सभागृहात दिसत नाहीत. पांढऱ्यावर काळी दिसतात. आणि चार प्रिंट खिशात असू द्या, महावितरणचा भरवसा मी सांगायला नको.

ग्रामपंचायतीतल्या मित्रासाठी एक. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडतात: पाऊस किती झाला, पाणी किती उरलं, त्यात कोणती पिकं बसतील. लोक तिथे पाणी ‘समजून घ्यायला’ जमत नाहीत, रब्बीचं ठरवायला जमतात. तू मला पाठवलेल्या पाणीपुरवठ्याच्या स्लाइडवर नऊ रंगांची गोल पोळी आहे. ती काढ. दोन उभे खांब पुरतील: विहिरीत आहे किती, गावाला लागतं किती. वर एका वाक्यात लिही की कमी पडणारं पाणी कोणत्या महिन्यापासून कमी पडेल. मग ग्रामसभेत भांडण होईल, होऊ दे.

माझी वीस मिनिटं संपली, सर घड्याळ बघतायत. जेवणानंतर चार वाजेपर्यंत मी संगणक कक्षात बसणार आहे. ज्यांनी पेनड्राइव्ह आणलेत त्यांनी या. पण येण्याआधी प्रत्येक स्लाइडचं साध्य कागदावर लिहून आणा, नाहीतर मी वही परत देईन.