झाडू, झेंडा आणि कॅमेरा
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



तुमच्यातल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मोर्चात घोषणा देणारे कमी आणि मोबाइल वर धरणारे जास्त, असं मी हल्ली बघतो. माझी हरकत नाही. पण त्यातून तुम्ही बघता काय?

माझा धंदा लग्नाचे फोटो काढायचा. मांडवात वरमाईला सगळेच बघतात. मांडवामागं उष्ट्या पत्रावळी उचलणारी बाई कुणाच्या अल्बममध्ये असते? पैसे मोजणाऱ्याला ती नको असते. म्हणजे डोळा माझा, पण नजर त्याची. ही पढवलेली नजर मोडायची कशी, त्याच्यावर मी बोलणार आहे. आणि त्यासाठी थोडं लांब जाणार आहे.

१९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्या ब्लॅक पँथरवाल्यांचे फोटो १९७० साली 'लाइफ' मासिकासाठी ज्यानं काढले, तो गॉर्डन पार्क्स. हाही काळाच. १९१२ साली कॅन्सस राज्यात जन्मला, पंधरा भावंडांतला धाकटा. शाळा अर्धवट. रेल्वेच्या डब्यात उतारूंना जेवण वाढायचा. उतारू मासिकं टाकून जायचे. त्यात पोटासाठी गाव सोडलेल्या शेतमजुरांचे फोटो त्यानं पाहिले आणि गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा उचलला. बाकी सगळं आपलं आपणच शिकला.

१९४२ साली तो वॉशिंग्टनला सरकारच्या एका फोटो विभागात लागला. प्रमुख रॉय स्ट्रायकर, गोरा माणूस. त्यानं पहिलं काम कुठलं दिलं? म्हणाला, कॅमेरा इथंच ठेव. शहरात जा, एक कोट विकत घे, कुठंतरी जेव, सिनेमा बघ. पार्क्स गेला. दुकानात त्याला कुणी कोट दाखवेना. खाणावळीत सांगितलं, मागच्या दारानं ये. थिएटरात आत सोडलं नाही. राजधानीचं शहर हे! पेटून परत आला आणि कॅमेरा मागू लागला. तेव्हा स्ट्रायकरनं त्याला समजावलं, की एखाद्या गोऱ्याचं थोबाड छापून खाली 'हा वर्णद्वेष्टा' लिहिल्यानं फोटो होत नाही. ज्यांनी सारा जन्म इथं काढलाय त्यांच्याशी आधी बोल.

त्याच इमारतीत एक बाई फरशी पुसत होती. एला वॉटसन. पार्क्स तिच्याशी बोलला. बापाला गोऱ्यांच्या झुंडीनं मारलेलं. नवरा गोळी लागून गेलेला. वर्षाला १०८० डॉलर पगार आणि त्यात नातवंडं पोसायची. हे सगळं ऐकल्यावर त्यानं तिला अमेरिकेच्या झेंड्यापुढं उभं केलं. हातात झाडू, बाजूला दांड्याचा पोछा, अंगात ठिपक्यांचा झगा. ग्रँट वूड नावाच्या चित्रकाराचं १९३० सालचं एक गाजलेलं चित्र आहे, त्यात गोरा शेतकरी दाताळं धरून उभा आहे. त्या चित्राचं नाव 'अमेरिकन गॉथिक'. पार्क्सच्या फोटोलाही लोक तेच नाव देतात. स्ट्रायकर घाबरला. या फोटोनं आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील, म्हणाला.

हा फोटो जगात गाजला. पण मला विचाराल तर खरा पार्क्स त्याच्या पुढं आहे. तो तिथं थांबला नाही. कित्येक दिवस तो तिच्या मागं होता. तिच्या घरी, तिच्या चर्चमध्ये, तिच्या स्वयंपाकघरात. झेंड्याच्या फोटोत पार्क्सचा राग आहे. घरच्या फोटोंत ती बाई आहे, तिचा देव आहे, तिची नातवंडं आहेत. राग एका दिवसात येतो. माणूस दिसायला इतके फेरे घालावे लागतात.

आता यंत्राचं सांगतो, कारण यंत्रही भोळं नाही. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सारं जग मधल्या करड्या रंगाचं धरून चालतं. पांढऱ्या भिंतीपुढं सावळा माणूस उभा करा. मीटर भिंतीला बघतं, उजेड कमी करतं आणि माणसाचा चेहरा काळा डाग होऊन जातो. उपाय साधा आहे. जवळ जा आणि चेहऱ्यावरचा उजेड मोजा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवा. भिंत जळून पांढरी होईल, होऊ द्या.

फिल्मच्या काळात तर कोडॅक कंपनी रंग जुळवायला फोटोच्या लॅबना गोऱ्या बाईचं कार्ड पाठवायची. शर्ली कार्ड म्हणत त्याला. तपकिरी छटा नीट येत नाहीत ही ओरड कंपनीनं मनावर घेतली ती कधी? चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केली तेव्हा, असं कंपनीतल्याच माणसांनी पुढं सांगितलं. काळ्या माणसाच्या आधी चॉकलेटचा नंबर!

उजेडाचंही तसंच. आमच्या गल्लीत ऊन भरदुपारी येतं, पाऊण तासभर. त्या पाऊण तासात बायका पापड वाळवतात, म्हाताऱ्या पाय शेकतात. पाच वाजता पलीकडच्या टॉवरची सावली वस्तीवर पडते. फोटोसाठी ऊन शोधत फिरलात की कळतं, शहरात उजेडसुद्धा मालकीचा आहे.

मुंबईत सुधारक ओलवे यांनी सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते जाऊ द्या, ते फोटो बघा. कचऱ्याच्या ढिगात उभ्या माणसाचं तोंड त्यात दिसतं.

हे सगळं कशासाठी सांगतोय? २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली ते तीस लाख केले. पण ठेकेदार म्हणतो, तो आपला आपण उतरला. तेव्हा बघायचं काय? मेलेल्याचं तोंड नाही. दोर होता का? मास्क होता का? काठावर उभं राहून हुकूम कोण सोडत होतं? गाडीचा नंबर काय? चपला कुठं काढल्या होत्या? तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा. जिवंत माणसाला आधी विचारा, दादा, काढू का? त्याचा चेहरा छापला तर उद्या त्याचंच काम जाईल, म्हणून चेहरा नको, हात काढा. आणि कुणी आत गुदमरत असेल तर कॅमेरा टाका, १०१ ला फोन लावा. स्वतः मात्र उतरू नका, वाचवायला गेलेलेही आत मेलेत.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला हजेरी चौकीसमोर जमायचं. मावश्या झाडू घेऊन बाहेर पडतात ती वेळ. पहिल्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल माझ्या पिशवीत. चहा घ्यायचा आणि नावं विचारायची.

जय भीम.