कार्यशाळा ते संगणक : अलीगढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची वाटचाल

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेने मला बोलावले आणि विषयही माझ्या आवडीचा दिला, याबद्दल मी प्रथम आभार मानतो. मी व्याख्याता नाही. आयुष्यभर यंत्रांशी बोललो, माणसांशी बोलण्याची सवय कमी. तेव्हा साधेपणाने सांगतो, ते गोड मानून घ्यावे.

१९७१ साली मी कोकणातल्या खाडीकाठच्या खेड्यातून अलीगढला गेलो. त्याआधीची दोन वर्षे मुंबईत मामूंच्या खोलीवर राहून कॉलेज केले होते. घरात कोकणी, शाळेत मराठी. उर्दू जेमतेम, इंग्रजी त्याहून जेमतेम. दिल्लीच्या अलीकडे सुमारे सव्वाशे किलोमीटरवरचे ते गाव देशभर कुलपांसाठी प्रसिद्ध आहे. गल्लीबोळांतून कानशीचा आवाज येई. कॉलेजात गेलो तर पहिल्याच आठवड्यात माझ्याही हाती कानसच आली!

फिटिंगच्या कार्यशाळेत लोखंडाचा एक तुकडा देत. तो घासून चारी बाजूंनी काटकोनात आणायचा. मी दोन दिवस घासला, तळहाताला फोड आले, आणि मोठ्या अभिमानाने तुकडा सरांपुढे ठेवला. सरांनी त्याला गुण्या लावला आणि तो उजेडाकडे धरला. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. सर एवढेच म्हणाले, "तुला काय वाटते ते इथे चालत नाही, गुण्या काय म्हणतो ते चालते." अभियांत्रिकीची सगळी व्याख्या मला त्या वाक्यात मिळाली.

आता या महाविद्यालयाचा थोडा इतिहास सांगतो. त्याचे मूळ सर सय्यद अहमद खान यांच्या कामात आहे. १८६४ साली त्यांनी गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी काढली. त्यांची बदली झाली तशी सोसायटीही अलीगढला आली. इंग्रजीतले उपयुक्त ग्रंथ लोकांच्या भाषेत आणावेत, हा तिचा हेतू होता. १८६६ पासून तिचे वृत्तपत्र इंग्रजी व उर्दू अशा दोन्ही भाषांत निघू लागले. १८७५ साली मदरसा सुरू झाला, त्याचे कॉलेज झाले आणि १९२० साली विद्यापीठ. अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते १९३५ साली. तेव्हा कुलगुरू होते डॉ. झियाउद्दीन अहमद. ते स्वतः गणिताचे गाढे अभ्यासक होते.

म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकापासून अभियांत्रिकीच्या वर्गापर्यंत पोहोचायला ७१ वर्षे लागली. शिक्षणसंस्था आंब्याच्या झाडासारखी असते. लावणारा एक, फळे खाणारा दुसरा. आपल्या संस्थेची इमारत अजून अपुरी आहे म्हणून कोणी निराश होऊ नये.

इथे मुंबईची आठवण करणे योग्य होईल. अलीगढच्या मदरशाच्या एक वर्ष आधी, १८७४ साली, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. अलीगढला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३६ साली, भायखळ्याला साबू सिद्दीक यांच्या नावाने तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. १९८४ साली तिथे अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले. तेव्हा हे काम फक्त उत्तरेकडच्या लोकांचे, असे समजण्याचे कारण नाही.

अलीगढच्या महाविद्यालयाला आज डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव आहे. १९४८ ते १९५६ या कठीण काळात ते विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि १९६७ साली देशाचे राष्ट्रपती झाले. परंतु आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा एक जुना धागा आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. मुलाने हाताने काम करता करता शिकावे, हा त्या योजनेचा गाभा. ज्यांनी हाताच्या कामाला शिक्षणात मान दिला, त्यांचे नाव अभियांत्रिकी महाविद्यालयाला असणे मला फार समर्पक वाटते.

सुरुवातीच्या काळात स्थापत्य, यांत्रिकी आणि विद्युत या मुख्य शाखा होत्या. पुढे इलेक्ट्रॉनिक्स, रसायन, पेट्रोलियम आणि संगणक अभियांत्रिकी आली. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रमही आला. पदविकेसाठी विद्यापीठाचे तंत्रनिकेतन आहे आणि मुलींसाठी वेगळे तंत्रनिकेतनही आहे. सर्व धर्मांचे विद्यार्थी तिथे एका बाकावर शिकतात.

पालक मला विचारतात, "संगणकाला घातले की नोकरी लागेल ना?" त्यांना मी माझा अनुभव सांगतो. पहिल्या नोकरीत मला संगणकावरचे काम मिळाले. तेव्हा कार्डांवर भोके पाडून आज्ञा लिहीत. कार्डांचा गठ्ठा आज द्यायचा, उत्तर उद्या यायचे. माझा गठ्ठा तीन दिवस परत येत राहिला. चौथ्या दिवशी सापडले, एक स्वल्पविराम चुकला होता. मला कार्यशाळेतली ती उजेडाची रेघ आठवली. लोखंड असो की संगणक, तो तुमच्या घराण्याकडे, ओळखीकडे किंवा प्रमाणपत्राकडे पाहत नाही. काम बरोबर आहे की चूक, एवढेच पाहतो.

आज संगणक स्वतःच आज्ञावली लिहून देतो. मग शिकायचे कशाला? तर त्याने लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे तपासायला. गुण्या लावणारा माणूस लागणारच. म्हणून अशा महाविद्यालयाचे उद्दिष्ट एखादी संगणकभाषा पाठ करवणे हे नसावे. ती पाच-दहा वर्षांत मागे पडते. गणित पक्के असणे, कारण शोधण्याची सवय लागणे, आपली चूक आपण पकडणे आणि चारजणांत मिळून काम करणे, हे मागे पडत नाही. आणि हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी सुरू होत नाही, आठवीच्या गणिताच्या वहीत सुरू होते.

२००६ साली सच्चर समितीने आपल्यापुढे आरसा धरला. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांत १ आणि पदव्युत्तर ५० विद्यार्थ्यांत १ मुसलमान, असे तिला आढळले. लोकसंख्येत मात्र २००१ च्या जनगणनेनुसार आपण १३.४ टक्के होतो. याला गरिबी कारण आहे, दुर्लक्षही कारण आहे. परंतु थोडे कारण आपल्या घरातही आहे, आणि ते मी माझ्या घरावरून सांगतो.

माझी आपा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गणितात माझ्याहून फार हुशार. अपूर्णांक मला तिनेच चुलीपुढे बसून शिकवले, जमिनीवर कोळशाने रेघा ओढून. गावात शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल खाडीपलीकडे. मुलगी होडीने रोज पलीकडे कशी जाणार, म्हणून आपा घरी बसली. तीन वर्षांनी त्याच होडीत मी बसलो. अब्बांनी मला पाठवले, तेव्हा कोणालाही होडीची भीती वाटली नाही. अलीगढहून पदवी घेऊन आलो, तेव्हा आपाने प्रमाणपत्र हातात घेतले, फिरवून पाहिले आणि म्हणाली, "यातले थोडे माझे आहे हां." सगळे हसले. मीही हसलो. आज या वयात ते हसणे मला टोचते.

अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली मुलींची शाळा काढली. माझी आपा त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने घरी बसली! वाट नव्हती असे आम्हांला म्हणता येणार नाही. आम्हीच ती आमच्या गावापर्यंत आणली नाही.

पालकहो, आज वाटा पुष्कळ आहेत. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेता येते. ती चांगल्या गुणांनी झाली तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. आपल्यातील अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात. त्यासाठी दाखले वेळेवर काढावे लागतात. निकाल लागल्यावर धावपळ करून ते मिळत नाहीत. संस्थेने दरवर्षी नववीतच दाखल्यांचे शिबिर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एकच सांगतो. गणित चुकले की वही लपवू नका. उजेडाकडे धरा, फट कुठे आहे ते पाहा आणि पुन्हा घासा. आणि घरी बहीण असेल तर तिच्यासाठीही होडीत जागा ठेवा.