एका प्रवाहावर अनेक प्रश्न



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मुंबईत मनःपूर्वक स्वागत करतो.

अनेक क्वेरींचे काम सामाईक करण्याविषयीची ही परिषद या शहरात भरते आहे, याचा आनंद होण्यास कारण आहे. २००० साली डॅलसला भरलेल्या ‘सिग्मॉड’ या डेटाबेस-परिषदेत या विषयावरचे दोन शोधनिबंध आले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ‘नायगारासीक्यू’ या प्रणालीने सतत चालणाऱ्या, सारख्या क्वेरींचे गट करून त्यांचे सामाईक काम एकदाच केले. दुसऱ्या निबंधात आयआयटी मुंबईच्या प्रसन रॉय आणि सुदर्शन यांनी, सहकाऱ्यांसह, डेटाबेसमधल्या अनेक क्वेरींचा एकत्रित विचार करणे व्यवहारात परवडते, हे दाखवून दिले. तोवर ते अव्यवहार्यच मानले जाई.

प्रवाहात मात्र डेटा थांबत नाही आणि क्वेरीही येत-जात राहतात. समजा, एकीला दर २ मिनिटांनी मागच्या ६ मिनिटांची बेरीज हवी, दुसरीला दर ३ मिनिटांनी मागच्या ९ मिनिटांची. दोघींच्या सीमारेषांवर काळाचे तुकडे पाडले, तर दर ६ मिनिटांत चारच तुकडे होतात. आलेली नोंद एकाच तुकड्यात एकदाच मिळवायची. तुकड्यांच्या बेरजा जोडून दोघींची उत्तरे तयार. अशा शंभर क्वेरी असल्या तरी नोंद मिळवायची एकदाच. बेरजेला, कमालमूल्याला हे साधते. मध्यकाला तुकड्यामागे एक आकडा ठेवून भागत नाही.

काम अनेक यंत्रांवर पसरले की खरी कसोटी लागते. २०१९ च्या ‘एस्ट्रीम’ या प्रणालीत प्रत्येक नोंदीबरोबर बिटांची एक ओळ जाते; ही नोंद कोणत्या क्वेरींच्या कामाची, ते त्या ओळीवरून कळते. त्यामुळे प्रवाह न थांबवता नवी क्वेरी जोडता येते, जुनी काढता येते. पण एकीला ग्राहकानुसार विभागणी हवी आणि दुसरीला शहरानुसार, तर तीच नोंद नेटवर्कवरून दोनदा पाठवावी लागू शकते. शिवाय सामाईक टप्प्यापुढे एक क्वेरी रेंगाळली, की मागे दाब साचतो आणि निर्दोष शेजारणीही खोळंबतात. माझ्या मते आज सर्वांत जास्त विचार इथेच व्हायला हवा. किती काम वाचले, हे आपण आवर्जून मोजतो. एकाच्या भाराने दुसऱ्याचे उत्तर किती उशिरा आले, तेही तितक्याच काटेकोरपणे मोजले पाहिजे.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे: क्वेरी सामाईक केल्याने ज्यांचे काम उलट मंदावले, त्यांनी ते आकडेही या व्यासपीठावर मांडावेत. त्यांच्यासाठी चर्चेला पुरेसा वेळ राखून ठेवला आहे.

अध्यक्ष महोदयांनी आता परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी विनंती करतो.