पहिले धनुष्य हलकेच हवे

रिकर्व्ह धनुष्याचे भाग तीन : हातात धरायचा रायझर, त्याच्या वर-खाली बसणारे दोन लिंब आणि दोरी. लिंबांची टोके तिरंदाजापासून दूर, पुढे वळलेली असतात. त्या वळणामुळे धनुष्यात अधिक ऊर्जा साठते आणि बाणाला वेग मिळतो. १९७२ मध्ये म्युनिकला तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली.

पहिले धनुष्य घेताना आधी डोळा पाहावा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये लहानशी फट ठेवावी, तिच्यातून दूरची वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसत राहते, तो प्रबळ डोळा. तो उजवा असेल तर धनुष्य डाव्या हातात धरून उजव्याने ओढायचे. लिहिण्याचा हात कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती इंच ओढली जाते ते माप. हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे आणि त्याला २.५ ने भागावे. अंतर ६५ इंच आले, तर ड्रॉ लेंग्थ सुमारे २६ इंच. अशा व्यक्तीला ६६ इंची धनुष्य बरे. ओढ २८ इंचांच्या आसपास असल्यास ६८ इंची, त्याहून बरीच जास्त असल्यास ७० इंची. २५ इंची रायझरला शॉर्ट, मीडियम आणि लाँग लिंब लावले की अनुक्रमे हीच मापे मिळतात.

खरा घोटाळा होतो तो पाउंडेजपाशी, म्हणजे धनुष्याच्या ताणाच्या आकड्यापाशी. लिंबावर छापलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो आणि ओढ इंचाने कमी-जास्त झाली की ताण साधारण २ पाउंडांनी बदलतो. म्हणजे २४ पाउंडांचा लिंब २६ इंच ओढणाऱ्याच्या बोटांवर २० पाउंडच देतो. तोच लिंब २५ ऐवजी २३ इंची रायझरवर चढवला, तर सुमारे २ पाउंड जड होतो. शाळकरी मुलांनी १४ ते १८ पाउंडांपासून सुरुवात करावी, प्रौढांनी १८ ते २४.

हे आकडे सांगितले की पालकांत चुळबूळ सुरू होते. मुलगा दणकट आहे, सहा महिन्यांत हलके धनुष्य निरुपयोगी होईल, पैसे वाया जातील, ही त्यांची काळजी. ती खोटी नाही. पण जड धनुष्य काय करते हे आधी पाहायला हवे. ताण पेलवेना की धनुष्य धरलेल्या हाताचा खांदा वर चढतो, कंबर मागे झुकते, पाठीचे काम दंड करू लागतात आणि ओढणारा हात हनुवटीखालच्या अँकरपर्यंत, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेपर्यंत, पोचण्याआधीच बोटे सुटतात. ही सवय एकदा जडली की मोडायला कित्येक महिने जातात. वाढत्या वयात खांद्याची दुखापत झाली, तर खेळच थांबतो. शिवाय स्पर्धेच्या पात्रता फेरीत ७२ बाण असतात. ४० पाउंडांचे धनुष्य ७२ वेळा ओढणे म्हणजे एकूण २,८८० पाउंड, सुमारे १,३०० किलो. सरावात तर याहून अधिक बाण सुटतात.

येथे कोणीतरी शिवधनुष्याची आठवण काढतेच आणि सगळे हसतात. त्या कथेचा आपल्या मनावरचा पगडा मोठा आहे. पण रामाने ते धनुष्य ओढताना मोडले. बाण सुटलाच नाही. तो पण सामर्थ्याचा होता, नेमाचा नव्हता. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवरच्या लक्ष्यात १० गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. तेथे एकच हालचाल तशीच्या तशी पुन्हा करता यावी लागते आणि ते हलक्या धनुष्यावरच शिकता येते.

दुसरी दिशाभूल कंपाउंड धनुष्याची. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून गावोगावी मुले धनुष्य मागू लागली आहेत. ते यश कंपाउंडमधले. त्या धनुष्याच्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर ताणाचा लहानसा हिस्साच हातावर उरतो. रिकर्व्हमध्ये सगळा उरतो. दोन्हींचे पाउंड एका मापाने मोजू नयेत. रिकर्व्हकडे पाहायचे, तर फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव आहे. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये तो भारतीय संघात होता.

पालकांची पैशाची काळजी सोडवायची, तर आयएलएफ (इंटरनॅशनल लिंब फिटिंग) पद्धतीचा चांगला रायझर घ्यावा आणि त्यावर स्वस्त, हलके लिंब लावावेत. ताकद वाढली की रायझर तोच ठेवून लिंब बदलता येतात, एका वेळी २ ते ४ पाउंडांनी. बाणाचा स्पाइन, म्हणजे ताठपणा, धनुष्याच्या ताणाशी जुळावा आणि नवशिक्याचा बाण ड्रॉ लेंग्थपेक्षा दोनेक इंच लांबच असावा. आखूड बाण रेस्टवरून, म्हणजे रायझरवरच्या त्याच्या आधारावरून, मागे घसरला तर हाताला इजा करतो. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये, लिंब फुटू शकतो. दोरी चढवायला स्ट्रिंगर वापरावा.

क्लबचे धनुष्य मिळत असेल, तर पहिले काही महिने तेच वापरावे. पालकांनी दुकानात जाण्याआधी मुलाची ड्रॉ लेंग्थ प्रशिक्षकाकडून मोजून घ्यावी आणि दोन लिंबांत निवड करायची वेळ आली, तर हलका घ्यावा.