पेटीचे चिनी नाते

घरी बारसे असो की गणपतीची आरती, पोर पेटीवर बोटे फिरवू लागले की आजी कौतुकाने बघते. त्या पेटीतली पितळी पत्ती चीनच्या ‘शंग’ या वाद्याची नातलग बरे का! शंग म्हणजे बांबूच्या नळ्यांची जुडी; फुंका वा श्वास ओढा, सूर तोच. अठराव्या शतकात ते युरोपात पोचले, आणि १८४० च्या सुमारास तिथे हार्मोनियम घडली.

आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले तेव्हाही दार बंदच. पेटीतून मींड निघत नाही, हा आक्षेप खराच. तेव्हा गुरुजी, पेटी जरूर शिकवा, मात्र ओळ आधी गळ्याने म्हणवून घ्या, मग बोटे ठेवू द्या. आणि भाता हळू मारायला सांगा, नाहीतर आरतीपेक्षा पेटीच मोठी ऐकू येते.